कुंडलिक टेलर आणि वरून चड्डी घालणारे वीर

भांडुपच्या कुंडलिक टेलरला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. पण बाहत्तर सालच्या जानेवारीत त्याला जो राग आला, तो चांगले तीन आठवडे उतरला नाही. निमित्त होतं चार कॉमिक्सचं. कारखान्याच्या कॉलनीत बालवाडी चालवणाऱ्या अनुपमाबाईंनी ती त्याच्या कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, यातला कुठलाही एक पोशाख शिवून द्या. पूजेच्या कार्यक्रमात मुलांचं नाटुकलं आहे. शेवटी असा एक वीर येतो आणि मुलांना वाघापासून सोडवतो."

"आणि हा वीर होणार कोण?"

"भीमराजदादा. गेटवरचे. पण कोणाला बोलू नका हं, गुपित आहे."

कुंडलिकने मशीनच्या पायडलवरून पाय काढला.

भीमराज आता कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. पण एक्कावन्न साली, जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात, त्याने ठाण्याच्या नामी पैलवानाला अडीच मिनिटांत अस्मान दाखवलं होतं आणि लोकांनी त्याला खांद्यावर बसवून थेट स्टेशनपर्यंत मिरवला होता. त्या कुस्तीचा लंगोट कुंडलिकने शिवलेला. त्याच्या अख्ख्या धंद्यातलं सगळ्यात कमी कापडाचं आणि सगळ्यात जास्त अभिमानाचं काम. आता त्याच भीमराजला कॉलनीतली पोरं लांबून सलाम ठोकून वाकुल्या दाखवत, टोपी उडवून पळत. भीमराज हसून सोडून द्यायचा, आणि समोरच्या दुकानात कुंडलिकच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या गावाने या माणसाकडे पुन्हा एकदा मान वर करून बघावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि आता ते घडायचं होतं.

दुपारी चष्मा चढवून त्याने कॉमिक्स उघडली, आणि डोकं फिरलं.

पहिल्यातला वादळवीर हवेत उडत होता. दुसऱ्यातला पोलादी मूठ भिंती फोडत होता. तिसऱ्यातला निळा बुरखा गच्चीवर उभा राहून विचारच फार करत होता. तिघांनीही अंगाला चिकटलेला पायजमा घातला होता आणि त्यावरून चड्डी.

"मथुरे, हे बघ! चड्डी वरून! गिऱ्हाइकाला मी असा कपडा दिला असता तर दुकान पेटवलं असतं लोकांनी."

त्याची बायको मथुरा दाराशी बसून काजं करत होती. तिने चित्र पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "त्यांच्याकडे थंडी असेल," ती म्हणाली.

"थंडीचं काय सांगतेस! चौथ्यात बघ. आपल्या पुराणातला राजपुत्र. हा लढायला निघाला तर अंगावरचं उपरणंसुद्धा फेकून देतो. छाती उघडी. आपल्याकडे माणूस लढायला उतरला की कपडे काढतो. आणि हे शहाणे लढायची वेळ आली की कुठल्या तरी खोलीत घुसून कपडे घालत बसतात! तोवर चोर पळून नाही का जायचा?"

पोशाख ठरला वादळवीराचा, कारण मुलांचा त्याच्यावर जीव होता. पण वादळवीर तोंडावर बुरखा घालत होता आणि तिथे कुंडलिक अडून बसला. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा त्याने चित्रावर कात्रीचं टोक ठेवलं. "तोंड झाकतो तो चोर. चांगलं काम करून तोंड कशाला लपवायचं?"

"अहो मास्तर, एरवी तो साधा माणूस असतो. कुठेतरी नोकरी करतो, बोलणी खातो. हाच तो वीर, हे कोणाला कळता कामा नये."

"भांडुपात राहिला असता तर पहिल्याच दिवशी नळावर कळलं असतं."

बाई हसल्या, पण कुंडलिक हसायला तयार नव्हता. "बाई, आपला पैलवान जिंकला की त्याच्या तोंडाला गुलाल फासतात. बापाचं नाव घेतात, तालमीचं घेतात, गावाचं घेतात. बिननावाच्या वीराचं करायचं काय?"

"मुलांना तेच तर आवडतं," बाई म्हणाल्या. "आपल्या शेजारचा एखादा साधासुधा माणूसही आतून असा असू शकतो, असं वाटतं त्यांना."

"मग त्या साध्या माणसाला दिवसा नमस्कार करायला शिकवा की!"

कुंडलिकने जाहीर करून टाकलं की पायजमा शिवीन, पाठीवरचा तो पडदाही शिवीन, वरून चड्डीसुद्धा शिवीन. बुरखा मात्र मेलो तरी शिवणार नाही.

त्याच संध्याकाळी ड्युटी संपवून भीमराज आला. कुंडलिकने टेप गळ्यात अडकवली, तसा तो म्हणाला, "माप कशाला रे? तुझ्या वहीत आहे की माझं."

कुंडलिकने जुनी वही काढली. छाती सेहेचाळीस, कंबर बत्तीस. बत्तीसचा आकडा वहीत होता आणि समोर खाकी पट्ट्याच्या शेवटच्या भोकात अडकलेलं पोट होतं. शिकाऊ पोरानेही इथे टेप लावली असती. पण भीमराज असा काही उभा होता, छाती काढून, श्वास कोंडून, की कुंडलिकची जीभ उचलेना.

"हो, आहे," तो म्हणाला, आणि त्याच मापावर साटीन कापलं. दोन्ही बाजूंच्या शिवणीत जमेल तेवढी जादा कापडाची माया ठेवली आणि वर देवाचं नाव घेतलं.

चार दिवसांनी ट्रायल झाली. पायजमा मांडीपाशी अडला. सदरा कसाबसा खांद्यांवर चढला, भीमराजने हात पुढे घेतले आणि पाठ मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटली.

कुंडलिकने मग कोणालाच सोडलं नाही. साटीनवाल्या मिलला शिव्या घातल्या, सुतात खोट काढली, कॉमिक्स काढणाऱ्यांचा उद्धार केला, अनुपमाबाईंच्या नाटुकल्याला पोरखेळ म्हणून मोकळा झाला. फाटक्या सदऱ्यात स्टुलावर बसलेला भीमराज सगळं ऐकत होता.

"कापडावर कशाला ओरडतोस, लेका? कापड तेवढंच आहे. मी फुगलोय."

"तू गप्प बस!"

"गप्पच बसतो. फक्त बुरखा शिव."

"नाही शिवणार. बघू दे लोकांना तुझं तोंड. कळू दे कोण आहे तो."

भीमराजने फाटकी बाही हळूच उतरवली. "तोंड दिसलं तर पोरं हसतील रे. वॉचमन आला, म्हणतील. वाघ राहील बाजूला आणि माझीच टोपी शोधतील." तो थांबला. "एक्कावन्न सालचं आता कोणाच्या लक्षात आहे? तुझ्या आहे, बास झालं. मला पाच मिनिटं त्या पोरांनी टाळ्या वाजवलेल्या बघायच्यात. कोणाला वाजवल्या, ते नाही कळलं तरी चालेल."

कुंडलिकला भीमराजचा राग आला, गावाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण इतके दिवस तो स्वतःच्याच हौसेसाठी या माणसाला पोरांच्या तोंडी द्यायला निघाला होता.

त्याने टेप घेतली. माप घेताना आकडा मोठ्याने पुकारायचा आणि मथुरेने वहीत लिहायचा, अशी दुकानाची रीत होती. मथुरा पेन्सिल घेऊन तयार होती. पण त्या दिवशी कुंडलिकने वही तिच्या हातातून काढून घेतली आणि कमरेचा बेचाळीस हा आकडा न बोलता स्वतःच लिहिला. मग डोक्याचा घेर घेतला. बुरख्यासाठी.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. वाघ झाला होता कारखान्याच्या मशीन शॉपमधला दशरथ, चांगला दोन मण वजनाचा. त्याने डरकाळी फोडली, बालवाडीची चिल्लीपिल्ली खरंच घाबरून रडायला लागली, आणि लाल साटीनचा पडदा फडफडवत वादळवीर आला. बाईंनी त्याला नुसती मूठ दाखवायला सांगितली होती. त्याने दशरथला कमरेत धरला, खांद्यावर घेतला, स्टेजवर अंथरलेल्या गादीवर आपटला आणि छातीवर गुडघा ठेवला. एक्कावन्न सालचा तोच डाव. दशरथ वाघाचं सोंग विसरून "आई गं" म्हणाला.

पोरं खुर्च्यांवर चढली. "वादळवीर! वादळवीर!" म्हणून त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. बुरख्यातला माणूस दोन्ही हात लोंबते सोडून नुसता उभा होता. मग तो वाकला, आखाड्यात लावतात तसा स्टेजच्या फळीला हात लावून कपाळाला लावला.

कुंडलिकच्या घशात नाव आलं होतं. खुर्चीवर उभं राहून ते ओरडावं, बापाच्या नावासकट ओरडावं, असं त्याला वाटत होतं. नेमके त्याच वेळी शेजारी बसलेले फोरमनसाहेब त्याच्याकडे वळले. भीमराज रोज सकाळी यांना सलाम ठोकायचा आणि ते कधी मान वर करून बघत नसत.

"काय ताकद आहे हो या माणसात! मास्तर, पोशाख तुमचाच ना? आत कोण आहे?"

कुंडलिकने दात आवळले. डोळे भरून आले होते, म्हणून त्याने चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला.

"मला काय ठाऊक?" तो खेकसला. "माझ्याकडे माप आलं, मी शिवून दिलं."