राजेवाडीच्या बांधावर ह्यांनी केलेला घोटाळा

आमचे हे आज पहाटे गेले.

जन्मभर सगळ्यांना कामाला लावलं, जाताना मात्र कुणाकडे घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही.

रडून झालंय. आता एक गंमत सांगते.

सेहेचाळीस साल. लग्न होताच हे लढाईवर गेले, ते थेट तेव्हा लीव्हवर आले. घर माणसांनी भरलेलं. नवराबायकोनं चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती.

ह्यांना मला म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव दाखवायचा होता. जोडीनं फिरायला निघालो असतो तर गाव हसलं असतं. म्हणून निमित्त काढलं, पाण्यातल्या देवींची, साती आसरांची ओटी भरायचं.

अर्थात सासूबाई बरोबर आल्या.

मला एकच धास्ती होती. लीव्ह संपली की हे जाणार आणि मी पुन्हा इथेच. पलटणीत फॅमिली क्वार्टर मिळत होतं, पण आईला विचारायची ह्यांची छाती होत नव्हती. तोफांना न भ्यालेला माणूस.

सासूबाई काठावर ओटी मांडत बसल्या. "तुमी व्हा म्होरं," म्हणाल्या.

बांधावर हे पुढे, मी डोक्यावर पदर घेऊन मागे. मागे न बघता ह्यांचं चालू, "ह्यो बांध दुष्काळात बांधला. माज्या आज्यानं हितं माती वाह्यलीया."

आणि मला फ्लेमिंगो दिसले. उथळ पाण्यात लांबच लांब गुलाबी रांग. तसं काही मी कधी पाहिलंच नव्हतं. मी उभीच राहिले.

ओटी आटोपून सासूबाई आल्या आणि मला मागे टाकून पुढे गेल्या.

ह्यांना पत्ता नाही. मागे पावलं वाजतायत, म्हणजे बायकोच.

"तिकडं तुज्याबिगर करमत न्हाई गं. औंदा तुला संगं न्हेतो. फकस्त आयला कसं इचारायचं, त्येचं लय भ्या वाटतंय."

पलटणीतला आवाज. मलाच काय, पक्ष्यांनाही ऐकू गेलं असेल.

"इचारलंस की रं," सासूबाई म्हणाल्या.

हे जागच्या जागी सावधान.

सासूबाईंनी मागे वळून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी पदर तोंडात धरलेला. मी एकटीच सून, घरचं काम कोण करणार?

"तिकडं दूध मिळतंय का चांगलं?"

"व्हय."

"मग ने तिला. वाळलीया पोरगी."

लढाया आणि माझी बाळंतपणं सोडली तर त्यानंतर आम्ही कधी वेगळे राहिलो नाही.

आज हे एकटे निघालेत. ह्या खेपेला कुणाला विचारायची सोय नाही.

सुखाने जा. मला सगळं भरून पावलं.

तुम्हाला माझा नमस्कार.