शिट्टीसरांचे मानसशास्त्र मंडळ

माझ्या मेहुण्याला सगळी शाळा शिट्टीसर म्हणते. बायकोचा धाकटा भाऊ, खेळाचा शिक्षक. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. जेवायला बसतानाही ती काढत नाही. ताटात लोंबू नये म्हणून पाठीवर टाकतो. त्याची ताई म्हणते, लग्नातही ती पाठीवरच होती.

मी सुतारकाम केले. माणसाचे कौतुक चटकन करत नाही. पण मैदानावर चुना टाकून तो रेषा आखायचा तेव्हा मी थांबून बघायचो. रेषा बोटभर चुकली तर तो सगळी झाडून परत आखायचा. कुणी सांगितलेले नसताना. एवढे मला पुरे होते.

मग लांब उडी दाखवताना त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी पळणे बंद केले. शाळेने नवा, तरणा खेळशिक्षक आणला आणि मुख्याध्यापिकांनी ह्याला खोलीत बोलावले. प्रत्येक शाळेत मुलांचे मानसशास्त्र मंडळ हवे असा वरून हुकूम आला होता. घ्यायला कुणी तयार नव्हते. "तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या. "सत्र संपेपर्यंत बारा मुलं जमवा, तुमची जागा राहील. नाही जमली तर मला तुम्हाला जादा शिक्षक म्हणून दाखवावं लागेल."

तो तसाच लंगडत आमच्याकडे आला.

"भावोजी, मन म्हणजे नक्की काय असतं?"

"मला काय विचारतोस? मी जन्मभर दारं बसवली."

"पण तुम्हाला आहे ना?"

"तुझ्या ताईला विचार."

"नाही," ताई आतून म्हणाली.

पहिल्या सभेला चार मुले आली. नववीतली एक चष्मेवाली मुलगी, तिला सगळे अध्यक्षा म्हणत. मंडळ निघायच्या आधीच ती अध्यक्ष झाली होती. या विषयावरचे एक जाडजूड पुस्तक तिने दोनदा वाचले होते. बाकीचे तिघे खेळाचा तास चुकवायला म्हणून मंडळात शिरले होते. दारात शिट्टीसरांना बघून त्यांतला एक जाड्या मुलगा रडायलाच लागला.

"छान झालं सर," अध्यक्षा म्हणाली. "पहिल्याच सभेत भावना आली."

सरांनी शिट्टी मारली. मुलगा गप्प.

"सर, रडणं थांबवायचं नसतं."

"मग किती वेळ चालू द्यायचं?"

"संपेपर्यंत."

सरांनी खिशातून स्टॉपवॉच काढले. जाड्याला म्हणाले, "हं, कर सुरू."

त्याने मेहनत कमी केली असे मी म्हणणार नाही. अध्यक्षेचे पुस्तक घरी नेऊन तो पेन्सिलने रेघा मारत वाचायचा. रेघा सरळ याव्यात म्हणून पट्टी घ्यायचा. त्यातले किती समजले हा भाग वेगळा. दुसऱ्या सभेत त्याने मुलांना उंचीप्रमाणे नाही, दुःखाप्रमाणे उभे राहायला सांगितले. जास्त दुःखी तो पुढे. त्यावरून मारामारी झाली. जाड्या म्हणाला पहिला नंबर माझा, मी रडलोय. दुसरा म्हणाला, मला तर रडूसुद्धा येत नाही, मग माझं मोठं. तिसऱ्या सभेत जाड्या आलाच नाही. तो खेळाच्या तासाला परत गेला होता. तिथे निदान नियम माहीत होते.

सत्र संपत आले. मंडळात तीन मुले. बाई रोज जिन्यात भेटायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते त्याला जास्त लागायचे.

"शिट्टी विकून टाकू का, भावोजी?"

"कोण घेणार ती? तुझी थुंकी आहे त्यात."

शेवटी अध्यक्षेने प्रयोग सुचवला. बंद दारासमोर रांगेत उभे राहायचे. कशासाठी ते कुणाला सांगायचे नाही. किती लोक येऊन उभे राहतात ते बघायचे. एवढे एक काम तरी मंडळाने केले असे बाईंना दाखवता येईल.

रांग म्हटल्यावर शिट्टीसरांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी तकाकी आली.

"पण सर, तुम्ही काहीही करायचं नाही," अध्यक्षा म्हणाली. "लांबून बघायचं फक्त."

"मी? मी हूं की चूं करणार नाही."

पालक भेटायला येतात तो दिवस ठरला. व्हरांड्याच्या टोकाला एक अडगळीची खोली होती. तिचे हिरवे दार फुगून चौकटीत घट्ट बसले होते, वर्षानुवर्षे कुणी उघडले नव्हते. त्याच्यासमोर तिघे उभे राहिले. सर खांबाआड.

पहिल्यांदा ऑफिसातला कारकून आला, काखेत फाइल.

"कसली रांग रे?"

"माहीत नाही," मुलगा म्हणाला. त्याला तेच शिकवले होते.

"मग उशीर करायला नको," असे म्हणून कारकून उभा राहिला.

मग दोन आया आल्या. एकीने दुसरीला जागा धरायला सांगितले आणि पाणी पिऊन आली. मग कुणाचे तरी आजोबा. कॅन्टीनला पाव टाकणारा माणूस रिकामे क्रेट घेऊन उभा राहिला आणि मागच्याला म्हणाला, "ढकलू नका, मी सकाळपासून आहे." तो आताच आला होता. वर्गावर्गातून मुले आली. नवा खेळशिक्षक पळत चालला होता, तो थांबला आणि जागच्या जागी पळत राहिला. दुपार कलली तोवर रांग पायऱ्या उतरून मैदानात गेली होती.

शिट्टीसरांनी खूप सोसले. पण नळाजवळ रांगेला पोट सुटले. लोक ओल टाळून उभे राहत होते. खांबाआडून त्याला ते दिसत होते. शेवटी त्याच्याने राहवले नाही. तो बाहेर आला आणि त्याने लांब शिट्टी मारली.

"अंतर ठेवा! एक हात!"

सगळ्या रांगेने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबांनी, कारकुनाने, आयांनी. रांग दोरीसारखी सरळ झाली. आणि इतका वेळ ज्यांच्या मनात शंका होती त्यांचीही फिटली. शिट्टी वाजतेय म्हणजे सरकारी काम असणार. फाटकाबाहेरचे लोकही आत यायला लागले.

"सर, तुम्ही प्रयोग बिघडवला," अध्यक्षा म्हणाली.

"वाकडी रांग मला बघवत नाही. मी तरी काय करू?"

तेवढ्यात मुख्याध्यापिका मंडळाची मुले मोजायला खाली आल्या. मंडळाचा वर्ग रिकामा. त्या बाहेर आल्या, रांग बघितली, कसली म्हणून विचारले. कुणालाच माहीत नव्हते. बाईंनी दाराकडे बघितले, मग घड्याळाकडे.

"बाई, तुम्ही पुढे या," कारकून म्हणाला.

"का म्हणून?" मागून एक आई ओरडली. "आम्ही काय उन्हात हौसेनं उभे आहोत?"

बाई मुकाट्याने पाववाल्याच्या मागे उभ्या राहिल्या.

शाळा सुटल्याची घंटा झाली. कुणी हलले नाही. सरांनी "विसर्जन!" म्हणून शिट्टी मारली. मुलांनी पायसुद्धा उचलला नाही. अध्यक्षा बाकावर चढली आणि तिने खरे ते सांगितले. हा प्रयोग होता, दाराच्या आत काहीही नाही, सगळ्यांनी घरी जावे.

"पुढे असलेले असंच म्हणतात," पाववाला म्हणाला.

मग मला फोन आला. "भावोजी, रंधा घेऊन या. लवकर."

मी पिशवी उचलून गेलो. फाटकातच अडवले.

"काका, मागे. रांग आहे."

"मी कामाला आलोय."

"मग आम्ही काय नाचायला आलोय?"

सरांनी शिट्टी मारून वाट करून दिली, तेव्हा आत गेलो. दार लाथेने उघडले असते. पण लाथेने उघडलेले दार परत बंद होत नाही. बिजागऱ्या काढल्या, चौघांनी धरून दार उतरवले, फुगलेली कड तासली, परत बसवले. लागायला हवा तेवढा वेळ लागला. मागून कुणी कुरकुरले नाही. आपला नंबर जवळ आला की माणसे शहाणी होतात.

आत एक जुना बाक, गुंडाळलेला नकाशा, एक खिडकी आणि धूळ. अध्यक्षेने बाक पुसला.

"आता काय?" सरांनी विचारले.

"आता एकेकाला सोडा, सर."

कारकून आत गेला. दार त्याने स्वतःच लावून घेतले. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा फाइल आतच राहिली होती आणि डोळे लाल होते.

"झालं?" आयांनी विचारले.

"झालं."

"काय देतात?"

"तुमचं तुम्हाला कळेल," असे म्हणून तो घरी गेला. फाइल न घेता.

एकेक जण जात राहिला. एक आई आत भांडत होती, तिचा एकटीचाच आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा जिंकल्यासारखी दिसत होती. आजोबा हसत आले. पाववाला म्हणाला, "खोली लहान आहे, पण तक्रार नाही." मग बाई गेल्या. त्या येईनात. मागचे चुळबुळायला लागले. मोठी माणसं अशीच, आत गेली की निघत नाहीत, वगैरे. कुणीतरी सरांना म्हणाले, "ओ, तुमच्याकडे घड्याळ आहे ना? वेळ लावा की."

शिट्टीसरांनी स्टॉपवॉच बाहेर काढले, बघितले आणि परत खिशात टाकले.

"संपेपर्यंत थांबायचं," ते म्हणाले.

अध्यक्षेने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितले.

बाई चष्मा पुसत आल्या आणि पुसलेला परत पुसला.

"सर, मंडळात मुलं किती?"

इथे दुसरा कुणी असता तर रांगेकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. ह्याला ते येत नाही.

"तीन, बाई. चौथा परत खेळाला गेला."

"आणि ही सगळी?"

"ही रांगेत आहेत."

"यातली दर आठवड्याला कोण येणार, विचारा."

सरांनी शिट्टी मारली. "विद्यार्थी! येणाऱ्यांनी हात वर!"

बाईंनी मोजले. मंडळातले तिघे धरून अकरा. पाववाल्यानेही हात वर केला होता, तो खाली करायला लावला. सर परत मोजायला लागले. अकराच. तेव्हा जागच्या जागी पळणाऱ्या खेळशिक्षकाच्या मागून एक हात हळूच वर आला. जाड्या.

"तू?" सर म्हणाले.

"मी पुढे उभा राहणार नाही," जाड्या म्हणाला. "माझं दुःख आता कमी आहे."

"कुठेही उभा राहा," शिट्टीसर म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्यांनी एक छोटी शिट्टी मारली.

त्याची जागा राहिली. दर बुधवारी मंडळ भरते. हिरवे दार बंद ठेवतात, कारण उघड्या दारासमोर रांग लावायला कुणी तयार होत नाही. हे अध्यक्षेने करून बघितले आहे. मोठी माणसेही येतात, मुलांच्या मागे उभी राहतात. रांगेची रेषा सर खडूने आखतात. दुखरा गुडघा टेकून. बोटभर चुकली तर पुसून परत आखतात. ते स्वतः अजून आत गेलेले नाहीत. रांग कोण सांभाळणार, असे विचारतात.

गेल्या बुधवारी माझी बायको जाऊन आली.

"काय आहे आत?" मी विचारले.

"बाक हलतो. एक पाय आखूड आहे. दार एवढं तासत बसलात आणि बाक तसाच ठेवून आलात?"

या बुधवारी मी लाकडाची एक पाचर आणि हातोडी घेऊन गेलो. म्हटले सरळ आत जाऊन दोन ठोके मारून येऊ. शिट्टी वाजली.

"एक हात अंतर, भावोजी," मेहुणा म्हणाला. "आणि मागून या."