खोटं ऊन

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं आभाळ मला विचारल्याशिवाय हलत नाही. गच्चीवर वड्या वाळत घालण्याआधी गल्लीतल्या बायका मला विचारतात, "भैया, आज बरसही का?" मी वर बघतो, नाकानं हवा ओढतो आणि निकाल देतो. आजवर एकीचीही वडी भिजलेली नाही. (अशा माणसाला परदेशी नेऊ नये!)

पण माझ्या बायकोनं, सुमननं, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता. आमच्याकडे कुठला समुद्र! "एकदा दोघं मिळून पाय भिजवू," एवढंच ती लग्नापासून म्हणत आलेली. शेवटी आमच्या मुलीनं, पिंकीनं, थायलंड ठरवलं. सुट्टी मिळाली ती ऐन पावसाळ्यात.

"काहून घाबरता? पाऊस म्हणजे आपल्या घरचाच!" मी म्हणालो.

पहिल्या सकाळी लख्ख ऊन. सुमन नवी साडी नेसून दारात उभी. समुद्र समोरच्या इमारतींमागे. हॉटेलच्या बाल्कनीतून नुसता ऐकू यायचा. मी नाक वर केलं.

"थांबा. हे ऊन खोटं आहे. आत्ता बरसते, जेवण झाल्यावर उघडते."

"बाबा, मोबाइल में लिखा है, सुबह साफ, दोपहर में बारिश," पिंकी म्हणाली.

"मोबाइलले काय समजते? त्यानं कधी वड्या वाळवल्या का?"

जेवून निघालो आणि आभाळ फाटलं! कोपऱ्यावरच छत्र्या उलट्या झाल्या, तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तेच ऊन, तेच माझं नाक, तोच पाऊस. सुमन न्हाणीघरात साडी पिळत म्हणाली, "चुकलं न तुमचं?"

"माझं नाही चुकलं. इथलं आभाळ उलटं आहे!"

परतीच्या दिवशी सकाळी पुन्हा ऊन पडलं. सुमन हळूच म्हणाली, "अहो, चलता का? तुमच्यासाठीच थांबून राहिली मी."

"जेवण होऊ दे."

मग तिनं पिंकीचा हात धरला. "तुम्ही बसा. मी चालली."

मी बसलो. आता दोघी चिंब भिजून येतील या आशेवर बसलो. (हो, आशेवरच! माणूस किती खाली जातो पाहा.) ऊन मेलं हटेना.

सुमन परतली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि डोळे लाल.

"कसा आहे?" मी विचारलं.

"लय मोठा आहे," ती म्हणाली. "माझ्या बाजूची जागा खाली होती."

हे फार लागलं. चपला घालून मी धावत सुटलो, लिफ्टमधून बाहेर पडलो आणि धो धो पाऊस! त्या पावसातच विमानतळाची गाडी येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर ती साडी वाळत घालायला सुमन गच्चीवर गेली. मी शेजारीच उभा होतो. तिनं पलीकडच्या गच्चीवरच्या साहूबाईंना विचारलं, "दीदी, आज पानी गिरेगा क्या?"

ती खाली गेल्यावर मी इकडेतिकडे पाहिलं आणि साडीचा काठ हळूच जिभेला लावला. खारट!

"का होगे भैया?" साहूबाई अजून तिथंच होत्या.

"काही नाही, दीदी," मी म्हणालो. "समुद्र पाहून राहिलो."