बुलढाण्याहून आणलेली कोवळी मोहरी

ज्या साली बीटी कपाशीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली, त्याच हिवाळ्यात वडनेर भोलजीच्या गुलाम रसूलला रक्ताचा कॅन्सर निघाला. शेतातली उभी कपाशी तशीच सोडून त्याची बायको मुबीना त्याला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. उन्हाळा लागेस्तोवर औषधांनी रोग जरा दबला, पण त्याची अन्नावरची वासनाच उडाली. भाकरीचा वास आला तरी तो तोंड फिरवायचा.

त्यांची लेक उमैमा बुलढाण्याला दिलेली. तिनं एसटीच्या कंडक्टरजवळ प्लास्टिकचा एक डबा पाठवला. आत मोहरीची बोटभर रोपं होती. "मायक्रोग्रीन्स म्हणतात अम्मी, ताकद येते," ती फोनवर म्हणाली. मुबीनानं झाकण उघडलं तर आंबूस वास आला. खालची पानं काळी, चिकट. बसमध्येच सारी उकडून निघाली होती. तिनं डबा उकिरड्यावर रिकामा केला.

पण गुलाम रसूलनं तो हिरवा रंग पाहिला होता.

"मोहरी होती काय? मले दे ना थोडी. कच्चीच."

कितीतरी दिवसांनी त्यानं तोंडानं काही मागितलं होतं. तिनं दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला.

"कच्चं काहीच नका देऊ," सिस्टर म्हणाली. "नुसतं धुऊन भागत नाही, त्यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकद नाही. ताजं आणा, पूर्ण शिजवा, गरमच द्या."

दुसऱ्या दिवशी मुबीना स्वतः बुलढाण्याला गेली आणि उमैमाला घेऊन त्या रोपांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं फळीवरचा डबा पुढं केला. "बाहेरचा नोको भाऊ, फ्रिजातला दे," ती म्हणाली. तिनं तारीख वाचून घेतली, डबा वाकडा करून बुडाशी पाणी सुटलंय का पाहिलं. उमैमानं तो बर्फासोबत थर्माकोलच्या पेटीत बसवून दिला.

घरी पोचली तर लाईट गेलेली. ठेवायची सोयच नव्हती. तिनं साबणानं हात धुतले, धारेखाली रोपं धुतली आणि कढईत शिजवली. मूठभर मोहरीची चमचाभर भाजी झाली.

"हे काय केलं?" गुलाम रसूल बघतच राहिला.

"कच्चं देलं तं सिस्टर बाई रागावन. एक घास खा, माह्यासाठी."

त्यानं घास घेतला, तोंडात फिरवला. गिळता येईना. डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी तिच्याच ओंजळीत त्यानं तो टाकला.

"लोखंडावानी लागून राह्यलं. मले नाई जात, मुबीना. तू काऊन गेली एवढ्या उन्हात?"

मुबीनानं हात धुतला, उरलेली भाजी स्वतःच चुलीपाशी बसून खाल्ली. तेवढ्यात उमैमाचा फोन आला.

"अब्बानं खाल्लं काय?"

"हाव, खाल्लं," मुबीना म्हणाली.

पेरणीच्या आधीच तो गेला. त्या वर्षी शेत तिनं दिराला करायला दिलं.