नितेश हो म्हणाला म्हणे

कागदी फटाक्याची नळी पिळताना तिचं तोंड वर आभाळाकडे धरायचं असतं. नितेश परबने ते घोडीच्या शेपटीकडे धरलं. जिवलग मित्राचं लग्न आणि अंगात शिरलेला ढोल, एवढ्या भांडवलावर माणसाला दिशा कुठून सुचणार? फट्ट झालं, चमचमते कागद उडाले, आणि मैना नावाची ती पांढरी घोडी दचकून मागे सरकली ती थेट गटारावरच्या फुटक्या जाळीत. नवरदेव देवेश तिच्या मानेला मिठी मारून वाचला. मैनाचा मागचा पाय मात्र खुराच्या वर चांगलाच चिरला. गोराईचं रिसॉर्ट समोर दिसत होतं आणि रस्त्यावर रक्ताची धार लागली होती.

देवेशच्या वडिलांच्या लग्नात नवरदेव मालवणात एसटीतून उतरून बॅग घेऊन मांडवात चालत गेला होता. पण आता मुलगा घाटकोपरचा, लग्न समुद्राकाठी, वर ड्रोन फिरणारा. म्हणून बोरिवलीहून मैना आली होती. ती भाईंदरवरून टेम्पोने, वऱ्हाड खाडी ओलांडून बोटीने.

नितेश धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. घरात त्याचं कोणी ऐकत नाही. आई भाजीसुद्धा त्याला न विचारता ठरवते. पण बंद लिफ्टजवळ उभा राहून तो एकदा "चालेल" म्हणाला की अख्खी बिल्डिंग पोराबाळांसकट आत शिरते. या एका शब्दाला तो फार जपायचा. खात्री नसेल तर 'लिफ्ट बंद'ची पाटी काढायचा नाही. मग सोसायटीचे सेक्रेटरी कितीही ओरडोत. कंपनीने एकदा दिवसभर बसवून प्रथमोपचारही शिकवले होते. त्याचं कार्ड पाकिटात असे. त्यात घोड्याचा उल्लेख नव्हता.

मैनाला सांभाळणारा धोंडिराम लगाम धरून तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. त्याने एका हाताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि नितेशच्या हातात दिला.

"आधी धुवत बसू नका, दाबून धरा," डॉक्टर म्हणाले. "स्वच्छ, जाड काहीतरी घ्या. मागून जाऊ नका, लाथ खाल. रक्त थांबलं की वरून पट्टी बांधा, पण बोट आत जाईल एवढी सैल. सलाइनच्या बाटल्या आणून ठेवा. मी पुढच्या बोटीने निघतो. तोवर तिच्या पाठीवर माशीसुद्धा बसता कामा नये."

तेवढ्यात एक मामा कालच्या हळदीतली उरलेली वाटी घेऊन पुढे आले. "हळद लाव मेल्या. हळदीन सगळा बरा होता."

"मामा, नवरा वेगळा, घोडी वेगळी," नितेश म्हणाला.

जाड आणि स्वच्छ म्हणजे काय, यावर पुरुषमंडळी विचार करीत राहिली. देवेशची बहीण श्रुतिका हिने पर्स उघडून सॅनिटरी पॅड काढले, तसे आजूबाजूचे सगळे काका एकदम समुद्राकडे बघू लागले.

"समुद्र काय पळून चाललाय का?" ती म्हणाली. "फेटा सोड रे नितेश."

नितेशने डोक्यावरचा गुलाबी फेटा सोडला. मैनाच्या बाजूने वाकून, जखमेवर पॅड दाबून तो बसून राहिला. तिचा पाय थरथरला की हा पॅड आणखी घट्ट धरायचा. धोंडिराम वरून म्हणायचा, "दाबा दादा, मी धरलंय." रक्त थांबलं. फेट्याची पट्टी बसली. बोट आत गेलं. मैनाने सुस्कारा सोडला, तेव्हा नितेशने पहिल्यांदा मान वर केली.

"दादा, फटाका मीच फोडला," तो धोंडिरामला म्हणाला.

"बघितलं मी," धोंडिराम म्हणाला. "पण बांधलंत झकास."

देवेशने नितेशच्या खांद्यावर हात ठेवला. बालवाडीपासूनचा हात तो. "मी चालत जातो. तू सलाइन घेऊन ये. हिला कोणी हात लावणार नाही, माझी जबाबदारी."

नितेश कुणाची तरी स्कूटर घेऊन गेला. गावातलं मेडिकल दुपारचं बंद होतं. मालकाला जेवणावरून उठवून त्याने बाटल्या घेतल्या आणि परतला, तर गल्ली रिकामी. रस्त्यावर थेंब होते, थेट रिसॉर्टच्या फाटकापर्यंत. आत मंगलाष्टकं चालू होती. फाटकाशी मैना एक पाय उचलून उभी, पाठीवर अजून जरीची झूल. गुलाबी पट्टी ओलीचिंब लाल झाली होती.

"कोणी चालवलं हिला?"

धोंडिराम त्याच्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच सांगितलंत ना? नवरदेव म्हणाले, फाटकापर्यंत बसून जातो, नितेशने बघितलंय, तेवढं चालेल म्हणाला. मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण पट्टी तुम्ही बांधलेली. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल."

"मी नव्हतो म्हणालो."

"नंतर सगळे हेच म्हणतात," धोंडिराम म्हणाला आणि बाटल्या त्याच्या हातातून घेतल्या. "घोडीचे मालक विचारतील तर मी तुमचंच नाव सांगणार."

डॉक्टर आले. चीर आता लांबली होती. या हंगामात ही वरातीला निघणार नाही, म्हणाले. टाके पडेपर्यंत नितेश मैनाचं तोंड धरून उभा होता. अक्षता टाकायला तो गेलाच नाही.

संध्याकाळी स्टेजवर मित्रांचा फोटो ठरला, तेव्हा तो देवेशच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

"मी कधी चालेल म्हणालो?"

"आत्ता नको ना यार," देवेश हसू तसंच ठेवून म्हणाला. "ड्रोनवाला थांबलेला, सासरे थांबलेले. चार पावलं होती रे."

"माझं नाव का घेतलंस?"

"मग कोणाचं घेऊ? माझं तो ऐकत नव्हता."

फ्लॅश पडला.

"आणि फटाका कोणी फोडला रे?" देवेशने हळूच विचारलं.

"मी. ते मी धोंडिरामला सांगितलंय. आता तुझं तू सांग. एक फोन कर."

"करतो. उद्याच."

मैना बरी होत गेली. नितेश विचारायला फोन करायचा, तर धोंडिराम "बरी आहे" एवढंच म्हणायचा. एकदा नितेश पुन्हा सगळं समजावून सांगू लागला. धोंडिरामने मधेच तोडलं. "दादा, जो बोलला त्यालाच सांगू दे की."

देवेश आता मुलुंडला राहतो. परवा तिथली लिफ्ट अडकली, म्हणून त्याने हक्काने नितेशला बोलावलं. नितेश गेला, वायर बदलली, दोनदा वर-खाली जाऊन आला. देवेश दारातच ताटकळत होता.

"चालेल ना रे? जाऊ?"

"चालेल," नितेश म्हणाला. "तो फोन केलास?"

"अरे हो, राहिलंच यार. नंबर पाठव ना त्याचा परत."

नितेशने तिथेच उभं राहून नंबर पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. देवेश लिफ्टमध्ये शिरला आणि वर गेला.