एक सवारी जास्त

आमच्या वडिलांच्या डोक्यावरची पगडी उतरली, पण डोक्यातली शेवटपर्यंत राहिली. संस्थान विलीन झालं, मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश आला, तरी पोलिसाशी बोलताना ते दरबारी अंमलदारच असत. पूर्वी शिपाई त्यांना सलाम करत. सुंभ जळला, पीळ काही जाईना.

त्या वर्षी माधव नगरातल्या एका मुंजीहून आम्ही पाचजण टांग्यानं घरी निघालो होतो. टांगेवाले चाचा आमचे नेहमीचे. एक सवारी जास्त होती, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. टावर चौकात एका नव्या शिपायानं अडवलं. चाचांनी खाली उतरून हात जोडले. शिपाई निवळला. आमच्याकडे वळून म्हणाला, "एक सवारी उतर जाए, बाबूजी. पुल के उस पार फिर बैठ जाना."

मी उतरायला पाय खाली टाकला, तर वडिलांनी माझा हात धरला. "बैस तू." मग शिपायाकडे बघून, "तू नया आया है क्या रे? किससे बात कर रहा है, मालूम है?"

शिपायाचा चेहराच बदलला. लोक थांबून बघत होते. पण वडिलांसारख्या पांढरपेशाला तो काय करणार? वड्याचं तेल वांग्यावर निघालं. चाचांच्या दंडावरचा बिल्ला त्यानं काढून घेतला. बिल्ल्याशिवाय टांगा चालवायची सोय नव्हती.

चाचा वडिलांपाशी आले. "दो मीठे बोल बोल दीजिए, बाबूजी. आपका क्या जाएगा?" शिपाईही बिल्ला हातात घेऊन थांबला होता. आई पुटपुटली, "अहो, बोला ना."

वडिलांनी उपरणं झटकलं आणि ते पायी चालू लागले. एकानं उतरायचं होतं, तिथे पाचही जण उतरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांकडे न बघता मी आईच्या मागे चालत राहिले.

पुढे उन्हाळ्यात गावाहून परतलो, तर स्टेशनबाहेर टांग्यांपाशी चाचा उभे होते. "राम राम, बाबूजी."

वडील खुशीत होते. चाचांशी ते कायम गोडच बोलत, आणि मला शरम वाटते ती त्याचीच. गोड बोलणं त्यांना येत होतं.

"राम राम! घोड़ी कैसी है?"

"बेच दी, बाबूजी," चाचा म्हणाले, आणि आमची ट्रंक डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या टांग्याकडे चालू लागले.