अल्लीपूरच्या पारावरचा पहिला चहा

बाबा अल्लीपूरच्या पारावर बोलत होते. बोलता बोलता खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. ते विधानसभेचे उमेदवार होते, म्हणून मतदान रद्द झालं. मला तार पुण्यात मिळाली.

त्या संध्याकाळच्या गाडीने निघालो. पहाटेनंतर खिडकीबाहेर काळी जमीन दिसायला लागली. शेतांत पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) उभी होती आणि बांधांवर पळस फुलला होता. समोरच्या बाकावर धोतर नेसलेले एक गृहस्थ फुटाणे खात होते. त्यांनी कागदाची पुडी माझ्यापुढे केली.

"वर्ध्याले जाऊन राह्यले का? कोणाकडे?"

"घरी. वडील वारले."

"कोण वडील?" मी नाव सांगितलं. त्यांनी पुडी मिटली. "कंदीलवाले वकीलसाहेब? अरे बाप्पा." वर्धा जवळ आल्यावर म्हणाले, "खोटं कायले बोलू, मी त्याहिले मत देनार नोयतो. पन मानूस दुसऱ्याचं आयकून घ्याचा."

वर्ध्याला लागूनच, पिपरी मेघ्याला, बाबांनी बांधलेल्या घरासमोर जीप उभी होती. तिच्यावर अजून भोंगा होता, आणि बाबांचा फोटो आणि कंदिलाची निशाणी असलेली पत्रकं पुढच्या काचेवर तशीच चिकटलेली होती. माझ्यासाठी सगळे थांबले होते. अग्नी दिला, डोकं भादरलं, तेरवी झाली. ऐंशीच्या दशकातली ती निवडणूक. उमेदवार मेला की त्या मतदारसंघात पुन्हा नव्याने मतदान घ्यायचं, असा तेव्हा कायदा होता. तेरवीची पानं उठली तसे बबनराव माझ्याजवळ येऊन बसले. ते बाबांचे जुने अशील, कापसाचे आडते, आणि प्रचाराची सगळी धावपळ त्यांच्याकडे होती.

"आता अर्ज तू भर," ते म्हणाले. बाबांना सगळे नानाजी म्हणत. "नानाजीचं नाव हाय, लोकाइच्या डोयात पानी हाय. दुसरं काय लागते?"

मी लगेच नकार दिला नाही. आई आतल्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. बबनराव म्हणाले, "गावं फिरून तर पाय. मंग ठरव."

बाबांची मतं जुन्या वळणाची होती आणि ती ते कुणापासून लपवत नसत. जिल्ह्यातली दारूबंदी राहावी आणि कागदावर राहू नये, नीट पाळली जावी. सरकारने एकट्याने कापूस घेणं बंद करावं. शेतकऱ्याने माल कुणालाही विकावा. किती जमीन ठेवावी याची मर्यादा घालणारा सीलिंग कायदा नको, कारण जमीन राखणाऱ्याच्याच हातात ती टिकते. रोजगार हमीच्या कामांमुळे शेतावर माणूस मिळत नाही, तेव्हा ती कामं हंगामात बंद ठेवावीत. शाळेत रोज प्रार्थना हवी. आणि लेकीला शेतात वाटा नको. तिला लग्नात द्यावं, पण शेताचे तुकडे करू नयेत. दारूबंदी सोडली तर यातलं मला काहीच पटत नसे. दिवाळीला घरी गेलो की आमचा वाद व्हायचा आणि तो रंगात आला की आई पानं मांडायची.

प्रचाराची त्यांची एक रीत होती. सभा म्हणून ते घेत नसत. मारुतीच्या पारावर बसून आपलं म्हणणं सांगत आणि शेवटी विचारत, "कोनाले पटलं नाई?" जो उठेल त्याला पहिला चहा. त्याच्या हातात कप असेपर्यंत त्याला कुणी अडवायचं नाही, हा नियम. आपल्या माणसांना चहा नंतर, उरला तर.

जीप निघाली. गजू नावाचा ड्रायव्हर, पुढे मी, मागे बबनराव. पहिल्या गावात पारावर सतरंजी टाकलेली होती. बबनरावांनी बाबांची मतं एकेक करून सांगितली आणि मी बाबांसारखंच विचारलं, "कुणाला पटलं नाही?"

कुणीच उठलं नाही. बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. एक म्हातारा पुढे आला आणि त्याने माझ्या भादरलेल्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. जीपमध्ये बसताना बबनराव खुशीत होते. "पायलं? टोपी-दुपट्टा! गाव आपल्या मागं हाय."

दुसऱ्या गावातही तेच झालं. तिथे जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. मी बाबांच्या रोजगार हमीच्या मताबद्दल मुद्दाम विचारलं. समोरच्या बाईच्या हातांवर खडी फोडल्याचे घट्टे होते. ती म्हणाली, "नानाजी म्हनत होते ते बराबरच असन." निघताना पुन्हा टोपी, पुन्हा दुपट्टा. इतके लोक बाबांचं म्हणणं मान्य करत असतील, तर मीच कुठेतरी चुकलो असेन, असं मला वाटू लागलं. अर्ज भरावा असंही वाटलं.

आणखी दोन-तीन गावं झाली. यशोदा नदीजवळ जीप तापली. गजू डबा घेऊन पात्रात उतरला. पाणी नावालाच होतं. तो डबा भरेपर्यंत मी पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. मागच्या सीटवर टोप्यांची चळत झाली होती.

अल्लीपूरला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा जिथे बसले ती जागा मला कुणी दाखवायची गरज पडली नाही, कारण तिथे कुणीच बसलं नव्हतं. बबनरावांनी सांगून झाल्यावर मी विचारलं, "कुणाला पटलं नाही?"

इथेही कुणी उठलं नाही. मग मी विचारलं, "त्या दिवशी कोण उठलं होतं?"

लोक खाली बघू लागले. पुढे बसलेला एक तरणा शेतकरी म्हणाला, "तिचं नाव नोका काढू, भाऊ. माही बहीन हाय ते. तिच्याच तोंडानं गेले नानाजी. आमी तिले आता पारावर येऊ देत नाई."

मागून कुणी बाई बोलली, "विहिरीवर बी कोनी बोलत नाई तिच्यासंगं."

मी बबनरावांकडे पाहिलं. ते दुपट्ट्याची गाठ सोडत होते.

"तिला बोलवा," मी म्हणालो. तिचा भाऊ उठेना. मग मीच घर विचारत गेलो. भावांच्या घरामागे पडवी होती, तिथे ती राहत होती. अनसाबाई. नवऱ्याने सोडलेली, चाळिशीची बाई. मला पाहून ती दाराला धरून उभी राहिली.

"मले मारासाठी आले का, भाऊ?"

"नाही. पारावर चला. तुमचा चहा राहिलाय."

ती आली, पण पाराखालीच थांबली. मी तिला वर बसवलं आणि उभा राहिलो. मला सभेत बोलायची सवय नाही. एवढंच सांगितलं, की बाबांच्या छातीत बरेच महिने दुखत होतं. डॉक्टरांनी प्रचार करू नका म्हणून बजावलं होतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि बबनरावांनाही माहीत होतं.

"काऊन बबनराव?" भावाने विचारलं. "हे खरं हाय?"

बबनरावांनी मान हलवली. "आयकत नोयते ते," एवढंच म्हणाले.

हॉटेलवाल्याने चहा आणला. पहिला कप मी अनसाबाईच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मग ती बोलली आणि कप हातात होता तोवर कुणी अडवलं नाही.

"म्या तवा बी हेच म्हटलं होतं. लगनात देल्लं ते सासरच्यानं खाल्लं. नवऱ्यानं हाकललं. आता बापाचं वावर नाई तं मी कुठी जाऊ? नानाजी म्हने, मंग काय झालं ते सांग, बाई. आन् कप देल्ला मले. मी घ्याच्या आंधीच..." तिने चहाचा घोट घेतला. "लय बेकार वाटलं, भाऊ. तेरा दिवस मले बी कोनी भाकर खा म्हटलं नाई."

बबनराव मला उठवायला लागले. "चाल, अजून एक गाव हाय. गावोगावी टोपी-दुपट्टा भेटला, अशा टायमाले..."

अनसाबाई मध्येच हसली. त्या दिवसात कुणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. "बबनराव, इलेक्शननं तुमचं डोस्कं फिरलं काय? बाप मेलेल्या पोराले बोडक्या डोक्यानं गावातून कोन जाऊ देईन? दुखवट्याची टोपी हाय ते. मत कोनाले देतीन, हे कोनी सांगतलं का तुमाले?"

पारावरचे म्हातारे माना हलवू लागले. मी डोक्यावरच्या टोपीला हात लावला. इतकी वर्षं पुण्यात राहून मी ती रीत विसरलो होतो. बबनराव विसरले नसावेत, पण गाव मागं आहे असंच त्यांना मानायचं होतं.

मी तिथेच सांगितलं की मी उभा राहणार नाही. बाबांची मतं माझी नाहीत, आणि त्यांच्या मरणावर मागितलेलं मत त्यांनी स्वतः घेतलं नसतं. बबनराव परतीच्या वाटेवर एकदाच बोलले. "बापाचं नाव बुडवलंस." गजूने जीप जोरात हाणली. यशोदेवर यायच्या आत अंधार पडला होता.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि माझ्या ताटात भात वाढला.

पुन्हा मतदान झालं आणि दुसरंच कुणीतरी निवडून आलं. बबनराव पुढे आमच्या घरी आले नाहीत. बाबांशी वाद घालायला दिवाळीत आता कुणी नसतं; वर्तमानपत्रात सीलिंगचं किंवा कापसाचं काही आलं की मी ते वाचतो आणि त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मनात जुळवतो. बहुतेक वेळा उत्तर त्यांचंच जास्त नीट येतं.

टोप्या आणि दुपट्टे पिपरीच्या घरात पेटीत आहेत. अल्लीपूरच्या एका भिंतीवर प्रचारात रंगवलेला कंदील अजून दिसतो. अनसाबाईला भावांनी वावर दिलं नाही. ती पारावर येऊन बसते.